हात न लागता होणारं दळण
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पवनचक्की हा शब्द हल्ली वरचेवर कानावर येतो. साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर, धुळ्याकडच्या साक्रीच्या माळांवर, आमच्या मराठवाड्यात बीड आणि धाराशिवच्या बाजूला तीन पात्यांचे उंच खांब उभे दिसतात. एसटीच्या खिडकीतून पोरं बोट दाखवतात, "ती बघ पवनचक्की." खरं म्हणजे त्या खांबात मूठभर ज्वारीसुद्धा दळली जात नाही. तिथं वीज तयार होते. तरी आपण तिला चक्कीच म्हणतो. एखादी गोष्ट गरगर फिरते आणि माणसाच्या उपयोगी पडते म्हटल्यावर आपल्याला आधी दळण आठवतं, दुसरं काही नाही.

लहानपणी परदेशातल्या गोष्टींची पुस्तकं वाचली, त्यांच्या चित्रांत गावाबाहेरच्या टेकडीवर एक पवनचक्की हटकून असायची. तेव्हापासून एक प्रश्न मनात होता. ही आपल्या गावाबाहेर का नाही? टेकड्या आपल्याकडेही आहेत, वारा आहे, धान्य तर आहेच. मोठेपणी कळलं की वारा आहे, पण तो आपल्या सवडीनं येतो. दख्खनच्या पठारावर तो जोर धरतो तो पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. आणि भाकरी तर बारा महिने लागते. ज्या प्रदेशात वाऱ्याचा भरवसा होता तिथंच माणसानं त्याच्या गळ्यात जातं बांधलं. इराणच्या सीस्तान भागात उन्हाळ्यात सलग चार महिने एकाच दिशेनं सोसाट्याचा वारा वाहतो. त्याला नावच मुळी 'एकशेवीस दिवसांचा वारा' असं आहे. तिकडे आणि खोरासानात नश्तीफान नावाच्या गावी मातीच्या भिंतींमध्ये उभ्या फळ्यांच्या जुन्या पवनचक्क्या अजून उभ्या आहेत. फारसीत तिला 'आसबाद' म्हणतात. आस म्हणजे चक्की, बाद म्हणजे वारा. आणि पाण्यावर चालते ती 'आसियाब', म्हणजे आब असलेली, पाण्याची.

ही पाण्याची चक्की मात्र आपल्याकडे आली. आमच्या जिल्ह्यातच ती आहे. मी बजाजनगरात राहतो, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत. तिथून शहरात गेलं, बेगमपुऱ्याच्या अलीकडे महमूद दरवाजापाशी थांबलं, की खाम नदीच्या काठावर पाणचक्की. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. मी सांगतोय ती गोष्ट घडली तेव्हा ते औरंगाबाद होतं, आणि त्याच्याही आधी मलिक अंबरचं खडकी. सहली इथं येतात, पोरं हौदातले मासे बघतात, चक्कीच्या खोलीत डोकावतात, मग मकबऱ्याकडे निघतात. दहा मिनिटांत पाणचक्की 'बघून' होते. मला आज ती जरा सावकाश बघायची आहे.

गोष्ट बुखाऱ्यापासून सुरू होते. आजच्या उझबेकिस्तानात बुखाऱ्याजवळ गिझदुवान नावाचं गाव आहे. बाबा शाह मुसाफिर मूळचे तिथले. ते नक्शबंदी पंथाचे फकीर. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश. हे नाव ऐकून मराठी माणसाला हसू येतं, कारण आपल्याकडे पलंगपोस म्हणजे बाजेवर घालायची चादर. पण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. बिबट्याचं कातडं पांघरणारे ते पलंगपोश. शब्द एकाच वळणाचे, पण एक आपल्याला झोपवतो आणि दुसरा झोप उडवतो. हे पलंगपोश औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमांत गाजीउद्दीन खान फिरोजजंग या सरदाराच्या फौजेबरोबर फिरत. त्या फौजेत मध्य आशियातले तुराणी शिपाई पुष्कळ होते. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या त्या शिपायांना आपल्या मुलखातला, आपल्या भाषेतला फकीर जवळचा वाटे. शाह मुसाफिर मात्र फौजेमागे फिरत बसले नाहीत. त्यांनी औरंगाबादेत तकिया मांडला, म्हणजे फकिराची बैठक, उतरायचं ठिकाण. मुसाफिर नावाचा माणूस आमच्या गावात स्थिर झाला. या दोघांच्या आठवणी पुढे त्यांच्या गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी फारसीत लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी या अभ्यासकानं २००१ साली त्या इंग्रजीत आणल्या. दख्खनच्या लढायांचा काळ राजांच्या नव्हे, तर साध्या शिपायांच्या आणि फकिरांच्या बाजूनं कसा दिसत होता, हे त्यात वाचायला मिळतं.

तकिया म्हटला की माणसं आली आणि माणसं आली की भाकरी आली. फकीर, वाटसरू, अनाथ मुलं, शिकायला आलेले विद्यार्थी, छावणीतले शिपाई. रोजची पंगत. या सगळ्यांचं पीठ कुठून यायचं? त्या काळी ते दळावं लागायचं. आणि दळायचं म्हणजे कुणाच्या तरी दंडांनी दळायचं.

इथं तुर्कताज खान नावाचा सरदार पुढे येतो. निजामुल्मुल्क आसफजाहच्या पदरचा हा माणूस. पाणचक्की आणि आवारातल्या बऱ्याच इमारती त्यानं बांधल्या. मशिदीसमोरचा लांबट हौद आणि कारंजी नंतर जमील बेग खान यानं घातली. साल विचाराल तर घोटाळा आहे. जुन्या गॅझेटियरच्या परंपरेत १६९५ च्या सुमाराचं साल दिलं जातं, तर दुसरीकडे १७४४ हे साल सांगतात. बाबा शाह मुसाफिर १७१५ च्या आसपास वारले. म्हणजे पहिलं साल धरलं तर चक्की त्यांच्या हयातीत फिरू लागली आणि दुसरं धरलं तर त्यांच्या शिष्याच्या, शाह महमूदांच्या काळात. आसफजाहचा जन्म १६७१ चा. १६९५ साली तो चोवीस वर्षांचा तरुण होता. दख्खनमध्ये त्याची स्वतःची सत्ता उभी राहिली ती १७२४ नंतर आणि तेव्हा औरंगाबाद हेच त्याचं मुख्य ठाणं होतं. त्याच्या पदरच्या सरदारानं एवढा खर्च केला असेल तर तो नंतरच्या काळात, असं मला वाटतं. तकियाचा दर्गा झाल्यावर पंगतही वाढली असणार.

१७४४ खरं मानलं तर एक गंमत हाताशी लागते. हॉलंडमध्ये किंडरडाइक नावाच्या ठिकाणी एकोणीस पवनचक्क्या आहेत, जगभरचे लोक बघायला जातात. त्या बहुतेक १७३८ ते १७४० या काळात बांधलेल्या. म्हणजे आमच्या पाणचक्कीच्या बरोबरीच्या. पण त्या दळत नव्हत्या. समुद्रसपाटीच्या खाली गेलेल्या त्यांच्या शेतांतलं पाणी उपसून बाहेर टाकणं हे त्यांचं काम. तिकडे वाऱ्याला कामाला लावून पाणी घालवत होते आणि त्याच सुमाराला इकडे थेंब थेंब गोळा करून त्याला कामाला लावत होते. दोन मुलखांची नड त्या दोन चक्क्यांत दिसते.

आता हे पाणी आणलं कसं ते सांगतो, कारण खरी करामत चक्कीत नसून पाण्यात आहे. शहराच्या उत्तरेला जटवाड्याचे डोंगर आहेत, हर्सूल त्यांच्या पायथ्याचं. तिकडच्या विहिरीतून, ओढ्यांच्या झिरप्यातून पाणी धरलं आणि सहा-आठ किलोमीटर जमिनीखालून आणलं. ही नहर. नहरींची वाट या शहराला मलिक अंबरनं दाखवली. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. त्यानं १६१० साली खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी खोदली. पुढे मोगलांच्या आणि निजामाच्या काळात तशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच एक, पण स्वतंत्र.

जमिनीखाली चुन्याच्या बांधकामात भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवलेले. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी उंचावरून निघतं आणि उतारानं येतं. वाटेत खोलगट जागा आली तर खाली उतरतं आणि पलीकडे पुन्हा चढतं, कारण बंद नळातलं पाणी आपली मूळची पातळी गाठू पाहतं. हे आपण शाळेत काचेच्या वाकड्या नळीत शिकलो. त्या गवंड्यांनी ते डोंगर आणि नदीच्या मापात करून दाखवलं. नळात हवा कोंडली की पाणी अडतं, दाब फार झाला की नळ फुटतो. म्हणून मध्ये मध्ये उंच खांब बांधले, आमच्याकडे त्यांना बंबे म्हणतात. पाणी बंब्यात वर चढतं, हवा सोडतं, दाब हलका करतं, गाळ खाली ठेवतं आणि पुढे निघतं. शहरात लोटाकारंजा नावाचा मोहल्ला आहे. रोज त्या नावानं रिक्षा थांबवणाऱ्याला ठाऊकही नसतं की हे नाव नहरीच्या दिवसांतलं आहे.

पाणचक्कीच्या आवारात आल्यावर हे पाणी भिंतीतून वर चढतं आणि उंचावरून धबधब्यासारखं हौदात कोसळतं. चक्कीसाठी त्याची एक धार खाली सोडलेली. तिथं एक चाक बसवलेलं आहे. ते उभं नाही, आडवं आहे, आपल्या छताच्या पंख्यासारखं. धार त्याच्या पात्यांवर आदळते, चाक फिरतं. चाकाच्या मधून एक उभा कणा वर जातो, खालच्या तळीच्या भोकातून निघतो आणि वरच्या दगडाला धरून फिरवतो. बस, एवढंच. मध्ये दुसरं चाक नाही, दातेरी रचना नाही. युरोपात नदीकाठी उभं चाक दिसतं, त्याला आडव्या दगडाशी जोडायला दात्यांची चाकं लागतात, ती झिजतात, मोडतात. इथं मोडण्यासारखं फारसं काही नाही. हिमालयात ओढ्याओढ्यावर अशाच आडव्या चाकाच्या चक्क्या असतात. गढवाल-हिमाचलात तिला घराट म्हणतात, नेपाळात घट्ट. आणि आता गंमत बघा, आपल्या खानदेशात हातानं फिरवायच्या जात्याला घरोट म्हणतात. दोन्हीच्या मुळाशी संस्कृतातला 'घरट्ट' आहे, दळायचा दगड. डोंगरात तो पाण्यावर गेला, तापीकाठी बाईच्या हातात राहिला. आणि 'जातं' हा शब्द आला 'यंत्र' वरून. म्हणजे मराठी घरातलं पहिलं यंत्र जातं. ते चालवायला शाळा लागत नव्हती, वीज लागत नव्हती. बाई लागत होती.

हौदाखाली एक मोठं दालन आहे. त्याचं छत म्हणजे वरच्या हौदाचा तळ. वर पाणी, खाली थंडावा. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हातून आलेल्या वाटसरूला तिथं उतरल्यावर काय वाटत असेल, ते ज्यानं मराठवाड्याचा मे काढलाय त्याला सांगायला नको. दर्ग्याचा ग्रंथसंग्रहही एके काळी नावाजलेला होता. राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय आज याच आवारात आहे. हे मी चटकन सांगून पुढे जातो, कारण मला चक्कीकडे परत यायचं आहे.

मी कविता लिहितो, मराठीत लिहितो. त्यामुळे कुठलीही जुनी वस्तू दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, हिचं गाणं कुठलं? चुलीचं गाणं आहे, पाळण्याचं आहे, मोटेचं आहे. पाणचक्कीचं गाणं मी खूप शोधलं. मला ते मिळालं नाही. आधी आश्चर्य वाटलं, मग त्याची दोन कारणं दिसली.

पहिलं कारण गिझदुवानचं. नक्शबंदी सुफी नामस्मरण करतात ते मनातल्या मनात. जिक्र-ए-खफी, म्हणजे मूक स्मरण. आणि या मूक वाटेचे एक मोठे जुने आचार्य अब्दुल खालिक हे गिझदुवानचेच, शाह मुसाफिरांच्या गावचे, त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीचे. ओठ हलवायचे नाहीत, ढोल नाही, कव्वाली नाही. इथून काही कोसांवर खुलताबाद. तिथं चिश्ती संतांची परंपरा, तिथं समा, तिथं सूर. विजापूरकडच्या चिश्ती फकिरांनी तर दळणाऱ्या बायांसाठी दखनी भाषेत 'चक्कीनामे' रचले. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि मधला खिळा म्हणजे पैगंबर. अशा खुणा बांधून त्यांनी पहाटेच्या दळणालाच धर्माचा पाठ केलं. रिचर्ड ईटन या इतिहासकारानं त्यावर फार चांगलं लिहिलंय. दख्खनच्या खेड्यांत इस्लाम पुस्तकातून किती गेला ते पंडितांनी ठरवावं. तो जात्यावरून बराच गेला, हे ईटनच्या लेखनावरून दिसतं. पण ते सगळं चिश्तींचं. खामच्या काठावरची ही चक्की नक्शबंदी. ती आपली मुकाट फिरत राहिली.

दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. त्या चक्कीला हातच लागत नव्हता. गाणं दगडातून येत नाही, दंडाच्या दुखण्यातून येतं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. घरात बोली दखनी, पण अम्मा जात्यावर बसली की ओवी मराठीत. शेजारच्या काकू समोरून खुंट्याला हात लावायच्या, एक कडवं त्यांचं, एक अम्माचं. विठ्ठल यायचा, खुलताबादचे बाबा यायचे, भाऊ यायचा, माहेरची वाट यायची. त्यात कुणाला काही वावगं वाटल्याचं मला आठवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी पाळण्यात होतो. परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी दळताना काय व्हायचं, ते अम्मा नंतर सांगायची. पिठाला चव नव्हती, भाकरी थापताना मोडायची, आणि दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले हात पहाटे पुन्हा खुंट्याला. तेव्हाही ओवी होती का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ओवी नसती तर ते जातं फिरलंच नसतं."

महाराष्ट्रातल्या अशा ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या दोघांनी वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत हिंडून गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी रचलेलं, पिढ्यापिढ्यांनी जपलेलं एवढं मोठं वाङ्मय दुसरीकडे क्वचितच असेल. आता त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणारणींच्या आवाजात इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. त्या ऐकताना मागे घर्रर्र असा आवाज येतो तो नीट ऐका. तो ठेका आहे. घास टाकायला हात थांबतो तिथं ओवीही क्षणभर थांबते.

आता मनात एक चित्र आणा. साधारण १७५० सालची पहाट. हर्सूलच्या एखाद्या घरात बाई दळतेय. तिच्या शेताच्या खालून, हात-दोन हात मातीखालून पाणी चाललंय, तकियातल्या फकिरांचं दळण दळायला. ते पाणी डोंगरातलं, तिच्याच शिवारातलं. तंत्र गावाच्या पोटातून गेलं आणि गावाला त्याचा पत्ता नाही. त्या चक्कीनं मुसाफिरांना, अनाथांना जेवू घातलं, हे मोठंच काम होतं. ते कमी लेखायचा माझा हेतू नाही. पण हिमालयात प्रत्येक वाडीला घराट होतं आणि तिथल्या बायका धान्याची पाठी घेऊन ओढ्यावर जात. आमच्याकडे ओढे पावसाळ्यापुरते. नहर बांधायला सरदाराचा पैसा लागे, आणि सरदार नहर बांधत ती शहरासाठी, बागेसाठी, दर्ग्यासाठी. बाईच्या पहाटेसाठी कुणी नहर बांधली नाही. ते तंत्र समोर असूनही दोनशे वर्षं शेजारच्या घरात शिरलं नाही, हा पाणचक्कीच्या इतिहासाचा भाग कुठल्या फलकावर लिहिलेला नसतो.

बाईच्या दंडाला सुट्टी मिळाली ती डिझेलच्या गिरणीनं. आमच्या गावात ती आली तेव्हा मी शाळेत होतो. इंजिनाच्या धुराड्यावर मडकं उपडं घातलेलं, त्याचा पुक् पुक् आवाज तीन शिवारांपलीकडे जायचा. तो ऐकला की बायका म्हणायच्या, "चालू झाली गं!" आणि डबे निघायचे. अम्मानं पहिल्याच आठवड्यात जातं उचलून कोपऱ्यात ठेवलं. ते पुढे डाळ भरडायला आणि लग्नात हळद दळायला तेवढं निघायचं. टाकी लावणाऱ्या पाथरवट बायांची हाळीही हळूहळू बंद झाली. ओव्या गेल्या म्हणून आम्ही लिहिणारे लोक फार हळहळतो. अम्मा एकदाही हळहळली नाही. "तुला गाणं पाहिजे तर तू दळ," म्हणायची. मला यावर आजतागायत उत्तर सुचलेलं नाही, आणि सुचायची गरजही वाटत नाही.

पाणचक्कीकडे परत येऊ. आज ती पीठ पाडत नाही. पाणी असेल तेव्हा बघायला आलेल्यांपुरती फिरते. आणि 'असेल तेव्हा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीनशे वर्षांच्या आसपास ज्या नहरीनं सरदार बदलले, राज्यं बदलली तरी पाणी आणलं, तिच्यावर गेल्या काही दशकांत वस्ती चढली. कुठं नळावरच पाया खोदला, कुठं बंबा फुटला, कुठं मुळ्या शिरल्या. डोंगराच्या पायथ्याशी बोअर खोल गेले, तसा झिरपा आटला. दुष्काळी वर्षांत हौद कोरडा पडलेला या शहरानं पाहिलाय. मासे नाहीत, धबधबा नाही, चक्की उभी. गवंड्यांच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. त्यांनी उतार मोजला, दाब मोजला, हवा मोजली. त्यांच्या डोक्यावर कधी स्लॅब पडेल हे त्यांनी कसं मोजायचं? दुरुस्ती होते, अधूनमधून मोहीम निघते, बातमी येते. पण नहर ही इमारत नाही, ती लांबच लांब रेघ आहे. तिची शंभर ठिकाणं जपली आणि एक फोडलं तरी पाणी येत नाही. म्हणून चक्की जपायची तर चक्कीला रंग देऊन भागत नाही. हर्सूलपासूनची प्रत्येक दोन हात जमीन नकाशावर आखून तिच्यावर खोदकाम थांबवावं लागतं. मकबऱ्याभोवती कुंपण घालता येतं. झिरप्याभोवती कुंपण घालायला डोंगरच जपावा लागतो.

आणि हे पाणी जातं कुठं, तेही सांगतो. चक्कीतून सुटलेलं आणि हौदावरून सांडलेलं पाणी खाली खाम नदीत पडतं. खाम तिथून छावणीकडे वळते, शहराचं सांडपाणी घेत घेत आमच्या वाळूजकडे येते, कारखान्यांच्या वसाहतीशेजारून जाते आणि पुढे पैठणच्या नाथसागराला मिळते. १९८५ साली वाळूजला मोठा कारखाना आला आणि त्याच्या नावाची आमची वसाहत उभी राहिली. आमच्यातल्या पुष्कळांनी खामचं पाणी कधी स्वच्छ पाहिलेलं नाही. नाथसागर शहरापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. तिथलं पाणी विजेचे पंप लावून, टप्प्याटप्प्यानं चढवून पुन्हा शहरात आणि आमच्याकडे आणावं लागतं, आणि शहरात ते रोज येत नाही. ज्या वस्तीत पाण्याचा दिवस असतो तिथं बायका पहाटे चारला उठतात. पूर्वी त्या दळायला उठायच्या. आता नळ यायची वेळ सांभाळतात, ड्रम लावतात, पाइप धरून उभ्या राहतात, आणि शेजारणीला हाक मारून सांगतात, "आलं गं पाणी!"